हिमयुग शोधणारे अगासी आणि त्यांनी न पाहिलेले सरोवर

ऑगस्ट उजाडला की मलकापूर-कराड भागात सकाळी पेपर हातात घेतल्यावर नजर आधी एका चौकटीकडे जाते. कोयना किती टीएमसी झाली? आकडा शंभराच्या आसपास गेला की धरणाचे दरवाजे कधी उघडणार आणि प्रीतिसंगमावर पाणी कुठवर चढणार, याच्या गप्पा सुरू होतात. कोयनेची पूर्ण क्षमता सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास ३ घन किलोमीटर. एवढे पाणी एकदम सुटले तर, या नुसत्या विचारानेही अंगावर काटा येतो.

उत्तर अमेरिकेत सुमारे ८,४०० वर्षांपूर्वी एक सरोवर खरोखरच असे फुटले. त्यातून समुद्रात गेलेल्या पाण्याचा एक अंदाज १ लाख ६० हजार घन किलोमीटर इतका आहे. पन्नास हजारांहून अधिक कोयना धरणे भरतील एवढे हे पाणी. त्याचा धक्का ग्रीनलंडपासून मोसमी पावसाच्या पट्ट्यापर्यंत जाणवला असे आज मानले जाते. या सरोवराला ‘अगासी सरोवर’ म्हणतात. हे नाव ज्यांच्यावरून पडले ते लुई अगासी १८७३ मध्ये गेले, आणि नाव पडले १८७९ मध्ये. पृथ्वीवर कधी काळी हिमयुग होते हे जगाच्या गळी उतरवले ते याच माणसाने. पण त्या बर्फाचे पाणी झाल्यावर ते कुठे गेले आणि त्याने काय केले, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात फक्त अधूनमधून, कडेकडेने येऊन गेला.

अगासींचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधील मोतिए या तळ्याकाठच्या गावी झाला. वडील पाद्री. आईची आधीची चार मुले तान्हेपणीच गेली होती, त्यामुळे हा मुलगा जपून वाढवलेला. तळ्यातले मासे हाताने पकडून दगडी कुंडात सोडायचे, हा त्याचा लहानपणीचा उद्योग. घरच्यांना तो डॉक्टर व्हावा असे वाटत होते. झ्युरिच, हायडेलबर्ग आणि म्युनिक येथे शिकून त्याने वैद्यकाची पदवी मिळवलीही, पण मन माशांतच होते. ब्राझीलहून आणलेल्या माशांच्या संग्रहाचे वर्णन करणारे पुस्तक १८२९ मध्ये छापून झाले, तेव्हा त्याचे वय होते अवघे २२.

पॅरिसला जॉर्ज क्युव्हिए या त्या काळच्या सर्वांत मोठ्या प्राणिशास्त्रज्ञाने या तरुणाचे काम पाहिले आणि जीवाश्म माशांवर स्वतः जमवलेली टिपणे त्याच्या हवाली केली. खिशात पैसा नव्हता, तेव्हा अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट मदतीला धावले. त्यांच्याच खटपटीमुळे १८३२ मध्ये न्यूशातेल या छोट्या गावात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. तिथे बसून अगासींनी जीवाश्म माशांवर पाच खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. मासे हाच त्यांचा विषय होता, आणि ते त्यातच राहिले असते तरी त्यांचे नाव टिकले असते.

बर्फाची गोष्ट मात्र त्यांच्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते आल्प्समधल्या बान्य नावाच्या खोऱ्यात, एका शिकाऱ्यापासून. झाँ-पिएर पेरोदँ याला डोंगरउतारावर मोठमोठे धोंडे दिसत. ते तिथल्या खडकाचे नव्हते. पायाखालच्या कातळावर लांब ओरखडे होते. हिमनदीच्या तोंडाशी असेच धोंडे आणि असेच ओरखडे दिसतात हे त्याला रोजच्या वावरातून माहीत होते. मग एके काळी हे सारे खोरे बर्फाने भरलेले असणार, असे त्याने सरळ अनुमान काढले. १८१५ मध्ये त्याने ते मिठाच्या खाणींचे संचालक झाँ द शार्पांतिए यांना सांगितले. शार्पांतिएंना तेव्हा ते पटले नाही.

तीन वर्षांनी त्याच खोऱ्यात एक भयंकर घटना घडली. जिएत्रो हिमनदीवरून कोसळलेल्या बर्फाने नदीचा मार्ग अडवला आणि बर्फाच्या बांधामागे तळे साचले. इग्नात्स व्हेनेट्झ या अभियंत्याने बर्फातून बोगदा खणून पाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. सुमारे तिसरा हिस्सा पाणी गेलेही. पण १६ जून १८१८ रोजी बांध फुटला. खालच्या गावांत चाळीसच्या आसपास माणसे गेली. केदारनाथच्या वरचे चोराबारी तळे २०१३ मध्ये फुटले, सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक सरोवर २०२३ मध्ये, तेव्हा जे घडले त्याच जातीची ही दुर्घटना. व्हेनेट्झ यांचा पेरोदँशी परिचय होता. हिमनद्या पूर्वी फार दूरवर पसरल्या होत्या हे त्यांना पटत गेले आणि पुढे त्यांनी शार्पांतिएंचेही मत बदलले.

अगासी १८३६ च्या उन्हाळ्यात शार्पांतिएंकडे राहायला गेले ते त्यांची चूक दाखवून द्यायला. दोघे डोंगरात हिंडले. ओरखडे पाहिले, धोंडे पाहिले, हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीच्या राशी पाहिल्या. काही आठवड्यांत पाहुण्याचे मत पूर्ण फिरले. फिरले ते असे, की यजमानाच्याही पुढे गेले. शार्पांतिए आल्प्सपुरते बोलत होते. अगासींच्या नजरेसमोर उत्तर ध्रुवापासून भूमध्य समुद्रापर्यंत पसरलेली एकच एक बर्फाची चादर उभी राहिली.

२४ जुलै १८३७ रोजी न्यूशातेलला स्विस निसर्गशास्त्र मंडळाची सभा भरली. अध्यक्ष अगासी. लोक जीवाश्म माशांवरचे भाषण ऐकायला आले होते, आणि त्यांना ऐकावे लागले बर्फावरचे. सभा खवळली. त्या वेळी बहुतेक भूशास्त्रज्ञांचे मत असे होते की परक्या खडकाचे धोंडे जलप्रलयाने किंवा समुद्रात तरंगणाऱ्या हिमनगांनी आणून टाकले. हुम्बोल्टसारख्या हितचिंतकानेही अगासींना माशांकडे परत वळण्याचा सल्ला दिला.

हिमयुग या अर्थाचा जर्मन शब्द मात्र अगासींचा नव्हे. तो त्यांचा मित्र कार्ल शिम्पर याचा. १८४० मध्ये अगासींचा हिमनद्यांवरचा ग्रंथ शार्पांतिएंच्या ग्रंथाआधी बाहेर पडला, आणि शिम्परशी तर त्यांचे कायमचे बिनसले. दुसऱ्याचे श्रेय आपल्या पदरात बांधून घेण्याचा त्यांचा हा स्वभाव नजरेआड करता येत नाही. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. शिकाऱ्याचे, अभियंत्याचे आणि खाणवाल्याचे हे ज्ञान एका खोऱ्यात अडकून पडले होते. ते सभेत मांडायला, विरोध अंगावर घ्यायला आणि त्यासाठी वर्षानुवर्षे बर्फावर जाऊन राहायला अगासीच उभे राहिले.

राहायला म्हणजे अक्षरशः राहायला. १८४० पासून दर उन्हाळ्यात ते सहकाऱ्यांसह ऊंटरआर हिमनदीवर मुक्काम टाकत. बर्फावरच्या एका प्रचंड शिळेच्या आडोशाला भिंत रचून केलेल्या निवाऱ्याला त्यांनी गमतीने ‘न्यूशातेलकरांचे हॉटेल’ असे नाव दिले होते. बर्फात खुंट्या रोवून त्या किती सरकतात हे मोजायचे, छिद्रे पाडून आतले तापमान घ्यायचे, असा उद्योग चाले. हिमनदीचा मधला भाग कडांपेक्षा वेगाने सरकतो, हे या मोजमापांतून दिसून आले.

१८४१ मध्ये त्यांनी जे केले ते आजच्या कोणत्याही संस्थेने करू दिले नसते. उन्हाळ्यात हिमनदीच्या पृष्ठभागावर वितळलेल्या पाण्याचे ओहोळ वाहतात आणि मध्येच एखाद्या उभ्या भोकातून खाली गडप होतात. बर्फातली विहीरच ती. हे पाणी आत कुठे जाते आणि बर्फाचे निळे थर किती खोल जातात हे बघायला अगासींनी एका विहिरीत येणारा ओहोळ दुसरीकडे वळवला, तिपाईवरून दोर सोडला आणि फळीवर बसून स्वतः खाली उतरले. एक मित्र कडेला पालथा पडून त्यांच्या हाका ऐकत होता. सुमारे १२० फुटांवर पाय थंडगार पाण्यात गेले. वर ओढा म्हणून त्यांनी ओरडून सांगितले. वरच्यांनी उलटा अर्थ घेतला आणि दोर आणखी सोडला! दुसऱ्या आरोळीला गोंधळ मिटला. वर येताना सुळ्यांसारखे लोंबणारे बर्फाचे भाले चुकवत यावे लागले. एखादा तुटून पडला असता तर हिमयुगाची कथा तिथेच संपली असती. बर्फाच्या पोटात पाणी साचते आणि वाहते, हे त्यांच्याइतके जवळून तोवर क्वचितच कुणी पाहिले असेल.

त्याच्या आदल्या वर्षी, १८४० च्या शरद ऋतूत, ते स्कॉटलंडला गेले होते. ऑक्सफर्डचे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड सोबत होते. जिथे आज एकही हिमनदी नाही त्या देशात अगासींना पावलोपावली हिमनद्यांच्या खुणा दिसल्या. तिथल्या ग्लेन रॉय या दरीचे कोडे प्रसिद्ध होते. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर, एकाखाली एक, रस्ता कोरून काढावा तशा तीन आडव्या रेषा मैलोन्‌मैल जातात. लोककथेत ते राजांचे शिकारीचे रस्ते होते. तरुण चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये निबंध लिहून ते जुने समुद्रकिनारे असल्याचे मांडले होते, जमीन वर उचलली गेली आणि समुद्र मागे हटला असे.

अगासींनी दरी पाहिली आणि उत्तर दिले. दरीचे तोंड हिमनदीने बंद केले होते. मागे पाणी साचून तळे झाले. तळ्याची पातळी जिथे जिथे बराच काळ स्थिरावली तिथे तिथे लाटांनी काठ कोरला. बर्फाचा बांध हलला तशी पातळी बदलली. जिएत्रोचा बांध फुटून २२ वर्षे झाली होती, आणि स्वित्झर्लंडच्या माणसाला बर्फाने अडवलेले तळे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नव्हते. डार्विन यांनी बरीच वर्षे आपले मत सोडले नाही, पण १८६१ च्या सुमारास नव्या पुराव्यांपुढे त्यांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली. अगासी हिमयुगाच्या पाण्याच्या सर्वांत जवळ पोहोचले ते इथे. तळे दिसले, बांध दिसला. तळ्यातले पाणी शेवटी समुद्रात जाऊन काय करते, हा प्रश्न त्या काळी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

१८४६ मध्ये ते व्याख्यानांसाठी अमेरिकेला गेले आणि तिथलेच झाले. १८४७ मध्ये हार्वर्डला प्राध्यापकपद मिळाले. पहिल्या पत्नी सेसिल त्याआधीच मुलांसह वेगळ्या झाल्या होत्या. बर्फ, छापखाना आणि घरात सतत राहणारे सहकारी यांच्यात संसाराची परवड झाली होती. १८४८ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले. १८५० मध्ये अगासींनी एलिझाबेथ कॅरी यांच्याशी लग्न केले. या बाईंनी पुढे रॅडक्लिफ हे स्त्रियांचे महाविद्यालय उभारण्यात पुढाकार घेतला आणि त्याच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

अमेरिकेत अगासी हे घराघरात माहीत असलेले नाव झाले. फळ्यावर दोन्ही हातांनी मासा काढत ते बोलू लागले की सभागृह तुडुंब भरे. १८५९ मध्ये त्यांनी हार्वर्डला प्राणिशास्त्राचे भव्य संग्रहालय सुरू केले. त्याच वर्षी डार्विन यांचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला आणि अगासींच्या पायाखालची जमीन हलली.

याचे कारण त्यांच्या हिमयुगातच दडले होते. त्यांच्या दृष्टीने बर्फ हे ईश्वराचे हत्यार होते. थंडी अचानक आली, सगळे सजीव संपले आणि त्यानंतर नवी सृष्टी नव्याने निर्माण झाली. जुन्या आणि नव्या जीवांत नाते नाही. त्यामुळे जीव एकमेकांपासून हळूहळू बदलत आले हे त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते. पुराव्याच्या जोरावर जगाचे मत बदलणाऱ्या या माणसाने समोर आलेल्या पुराव्याकडे पाठ फिरवली. त्यांचे स्वतःचे विद्यार्थी एकेक करून डार्विनच्या बाजूला गेले.

याहून काळी बाजूही आहे. माणसांचे वंश वेगवेगळे निर्माण झाले आणि त्यांत उच्चनीच आहे, असे ते जाहीरपणे सांगत. १८५० मध्ये दक्षिण कॅरोलायनात गुलाम म्हणून राबणाऱ्या स्त्री-पुरुषांची उघडी छायाचित्रे त्यांच्यासाठी काढण्यात आली. गुलामगिरीच्या समर्थकांनी या मतांचा भरपूर वापर केला. त्यांच्या नावाच्या केंब्रिजमधील शाळेचे नाव २००२ मध्ये बदलून तिथल्याच कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका मारिया बाल्डविन यांचे देण्यात आले.

१८६५ मध्ये अगासी ब्राझीलला गेले. तुकडीत विल्यम जेम्स हा तरुणही होता, पुढचा मोठा मानसशास्त्रज्ञ. ॲमेझॉनच्या खोऱ्यातही बर्फाच्या खुणा सापडल्या, तर हिमयुगाने खरोखरच सगळी सजीव सृष्टी पुसून टाकली होती असे म्हणता आले असते. खुणा सापडल्याच असे अगासींनी जाहीर केले. ज्याला ते हिमनदीने आणलेले धोंडे समजले ते उष्ण पावसाळी हवेत जागच्या जागी कुजून गोल झालेले दगड होते. अशी गोटी सोलत जाणारी काळी शिळा सह्याद्रीत कुठल्याही रस्त्याच्या कापावर दिसते. त्याच तुकडीतले चार्ल्स हार्ट यांनी पुढे पुन्हा जाऊन ही चूक दाखवून दिली.

१४ डिसेंबर १८७३ रोजी अगासींचे निधन झाले. ऊंटरआर हिमनदीवरून आणलेला एक धोंडा त्यांच्या थडग्यावर उभा केला आहे. मुलगा अलेक्झांडर समुद्रशास्त्रज्ञ झाला. ‘ब्लेक’ या जहाजावरून त्याने कॅरिबियन समुद्र, मेक्सिकोचे आखात आणि अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा तळ तपासला. बाप बर्फावर आणि मुलगा समुद्रावर, पण दोहोंना जोडणारा धागा सापडायला आणखी शंभर वर्षे लागायची होती.

सरोवराचे नामकरण वॉरन अपहॅम या भूशास्त्रज्ञाने केले. कॅनडातील विनिपेगच्या आणि अमेरिकेतील रेड नदीच्या भोवती टेबलासारखी सपाट, गव्हाची सुपीक जमीन आहे. तिच्या कडेला वाळूचे जुने किनारे मैलोन्‌मैल सापडतात. ग्लेन रॉयचीच ही गोष्ट, फक्त अवाढव्य प्रमाणावर. उत्तरेकडे बर्फाची भिंत आणि दक्षिणेला वितळलेले पाणी. ऐन भरात हे सरोवर आजच्या पाचही महासरोवरांच्या एकूण क्षेत्राहून मोठे होते. आज त्याचा उरलेला तुकडा म्हणजे विनिपेग सरोवर.

आता समुद्राकडे. अंडे साध्या पाण्यात बुडते आणि मीठ विरघळवले की तरंगते, कारण खारे पाणी जड. कोकणातल्या खाड्यांत पावसाळ्यात गोडे पाणी वरून वाहते आणि खारे खाली राहते, तेही त्यामुळेच. उत्तर अटलांटिकमध्ये दक्षिणेकडून आलेले उबदार, खारट पाणी ग्रीनलंडच्या आसपास थंड होते, जड होऊन तळाशी जाते आणि खोलातून परत दक्षिणेकडे वाहते. त्याची जागा घ्यायला वरून आणखी उबदार पाणी येते. या फिरत्या रहाटामुळे युरोपला ऊब मिळते. वर गोड्या पाण्याचा थर पसरला की हे पाणी बुडायचे मंदावते. रहाट अडखळतो आणि ऊब दक्षिणेतच अडकते.

हिमयुग संपत आले असताना, सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, उत्तरेकडची थंडी अचानक परत आली आणि बाराशे वर्षे टिकली. ‘ड्रायस’ या ध्रुवप्रदेशी फुलझाडाची पाने त्या काळच्या तळ्यांच्या गाळात सापडतात, म्हणून या काळाला ‘यंगर ड्रायस’ म्हणतात. तो संपला तेव्हा ग्रीनलंडचे तापमान काही दशकांत दहा अंशांच्या आसपास चढले. अमेरिकी शास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडले, की माघार घेणाऱ्या बर्फाने अगासी सरोवराला पूर्वेची वाट मोकळी केली आणि ते पाणी सेंट लॉरेन्स नदीतून अटलांटिकमध्ये शिरले. पुढे काहींना मॅकेन्झी नदीतून आर्क्टिककडे गेलेल्या महापुराच्या खुणा मिळाल्या. वाट कोणती, हा वाद अजून चालू आहे. गोड्या पाण्याचा हात होता, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे.

८,४०० वर्षांपूर्वी हडसनच्या उपसागरातला उरलासुरला बर्फाचा बांध मोडला आणि सरोवर कायमचे रिते झाले. त्यानंतरच्या थंडीत ग्रीनलंड सुमारे ३ अंशांनी गारठले. ही थंडी दीडशे वर्षे टिकली. त्याआधी, हिमयुगाच्या ऐन थंडीत, बर्फाच्या चादरीतून हिमनगांचे तांडेच्या तांडे समुद्रात सुटत. ते वितळताना पोटातले दगडगोटे तळावर टाकत. हार्टमुट हाइनरिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये या दगडांचे थर ओळखले, म्हणून त्या घटनांना त्याचे नाव मिळाले. म्हणजे तरंगते हिमनग दगड आणून टाकतात, हे अगासींच्या विरोधकांचे म्हणणेही समुद्रतळापुरते खरेच निघाले.

याचा मोसमी पावसाशी संबंध असा. उत्तर गोलार्ध गारठला की उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि आपल्याकडे येणारे वारे दुबळे होतात. अरबी समुद्राच्या तळातल्या गाळावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसह अनेकांनी काम केले आहे. पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळच्या गाळाचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास विशेष गाजला. ग्रीनलंडची थंडी आणि मोसमी पावसाची मंदी त्यात पायरीला पायरी जुळत गेली. मेघालयातील मावम्लुह गुहेतल्या चुन्याच्या खांबांनी हीच साक्ष दिली. यंगर ड्रायसच्या काळात तिथला पाऊस रोडावला होता. ओमानच्या गुहांतही सरोवर रिते झाल्यानंतरच्या काळातली पावसाची घट नोंदली गेली आहे.

दख्खनच्या नद्यांतही हिमयुगाचा काळ लिहिलेला आहे, फक्त वाचायला अवघड अक्षरात. विश्वास काळे आणि डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये दख्खनच्या वायव्य पठारावरच्या नद्यांचा इतिहास मांडला. हिमयुगाच्या अखेरच्या कोरड्या काळात या नद्यांना अंगावरचा गाळ वाहून नेण्याइतकेही पाणी नव्हते. पात्रे भरत गेली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस जोर धरू लागला, तेव्हा त्याच नद्यांनी स्वतःच रचलेला गाळ कापत पात्र खोल केले. प्रवरा किंवा घोडनदीच्या काठावर आज जी पिवळसर मातीची उंच दरड दिसते ती या उपासमारीच्या काळाची. तिथे बर्फ कधीच नव्हते. होता तो पाऊस न येण्याचा काळ.

अटलांटिकचा तो रहाट २००४ पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर, फ्लोरिडापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत तळाशी नांगरलेल्या उपकरणांच्या रांगेने सतत मोजला जातो. ग्रीनलंडचे बर्फ उपग्रहांच्या नोंदीनुसार दर वर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक घटत आहे. टनाला एक घनमीटर धरले तर दर वर्षी ऐंशीहून अधिक कोयना. अगासी सरोवराच्या शेवटच्या लोंढ्यापुढे हा आकडा किरकोळ आहे, आणि तो एका दिवसात येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात रहाट मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे. तो या शतकात अचानक बंद पडणार नाही, असेही अहवाल म्हणतो, पण त्याबाबतची खात्री समितीने मध्यम ठेवली आहे.